उजव्या मनगटावरचं घड्याळ

नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय कुठलीही वस्तू हातातून सोडायची नाही, ही मला लागलेली खोड आहे. मी फार्मासिस्ट. ऑकलंडला, हिल्सबरोच्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका फार्मसीत गेली वीसेक वर्षं गोळ्यांच्या डब्यांवर लेबलं चिकटवते आहे. घरी फ्रीजमधल्या आमटीच्या डब्यावरसुद्धा मी तारीख टाकते. नवरा म्हणतो, मी जरा जास्त वेळ झोपलो तर माझ्या कपाळावरही चिकटवशील. या खोडीपायी एका बाईचं आयुष्य अडकून पडलं. ते सोडवायला गेले आणि करायला गेले एक, झालं भलतंच. तेच सांगायला बसले आहे.

नेपाळला पहिल्यांदा गेले ती इथल्या ट्रॅम्पिंगवाल्या मैत्रिणींबरोबर. पाठीवर पिशवी टाकून डोंगर तुडवणं याला इथे ट्रॅम्पिंग म्हणतात. तिसऱ्या दिवशी माझा गुडघा मुरगळला. मैत्रिणी पुढे गेल्या आणि मी पोखराच्या वरच्या अंगाला एका गावात, एका म्हातारीच्या घरी नऊ दिवस पडून राहिले. जगाला औषधं देणारी मी, आणि माझ्या पिशवीत साधा बाम नव्हता. म्हातारी मोहरीचं तेल गरम करून माझा गुडघा चोळायची आणि एवढ्या शिकलेल्या बाईला चालता येत नाही म्हणून स्वतःशी हसायची. सगळं गाव तिला आमा म्हणायचं, म्हणजे आई. मीही म्हणायला लागले. माझी हिंदी आणि तिची नेपाळी, असं आमचं भागायचं. ती मला छोरी म्हणायची, म्हणजे मुलगी.

घरात आमा आणि तिची सून, दोघीच. सासरे आधीच गेलेले. मुलगा लग्नानंतर चार महिन्यांत आखाती देशात कामाला गेला होता. मी पोचले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्याचा शेवटचा फोन आला होता. त्यानंतर काही नाही. कंपनीला विचारलं, एजंटला विचारलं, त्याच्याबरोबर गेलेल्यांना विचारलं. कुणी म्हणालं तो दुसरीकडे कामाला लागला, कुणी म्हणालं वाळवंटातल्या कुठल्याशा साइटवर नेला. माणूस गेला असंही कुणी म्हणेना, आहे असंही म्हणेना. मी त्याला कधीच पाहिलं नाही, हे इथेच सांगून ठेवते.

गुडघा बरा होईपर्यंत मला कॅमेऱ्याशिवाय उद्योग नव्हता. माझी पद्धत तेव्हा ठरली ती आजही तीच आहे. कॅमेरा मांडीवर ठेवून आधी तासभर नुसतं बसायचं. पहिल्या तासात सगळे पासपोर्टला उभे राहिल्यासारखे उभे राहतात. दुसऱ्या तासात विसरतात. मग मला हवं ते मिळायचं: सुपात कोदो, म्हणजे आपली नाचणी, पाखडताना आमाच्या भुवयांवर बसलेला भुसा, नळावर घागरी सोडून भांडणाऱ्या बायका, आणि आमाची मितिनी. मितिनी म्हणजे पूजा करून, विधीने जोडलेली मैत्रीण. सख्ख्या बहिणीचं नातं, सुतकसुद्धा पाळतात. या दोघी रोज दुपारी एकाच भिंतीला टेकून बसायच्या आणि तासतासभर एक अवाक्षर बोलायच्या नाहीत. त्या न बोलण्याचे माझ्याकडे शंभर तरी फोटो असतील.

दर दोन वर्षांनी दसऱ्याच्या सुमाराला मी जायला लागले. पुण्याला आईकडे जायला रजा नसायची, तिकडे जायला बरोबर मिळायची. नवरा विचारायचा, तुझं माहेर नक्की कुठलं ते एकदा लिहून दे. जाताना आधीच्या खेपेचे फोटो छापून न्यायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे, हा माझा नेम. प्रत्येकाच्या मागे डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं आणि फोटो काढल्याची तारीख. तारीख त्यांच्या पद्धतीने, विक्रम संवतात. गावात इतरही परदेशी लोक येऊन फोटो देऊन जात, पण त्यांचं इंग्रजी वाचणार कोण? माझं अक्षर देवनागरी. शाळेची चार बुकं शिकलेला कुणीही ते वाचायचा. मला त्याचा केवढा अभिमान होता.

तिसऱ्या खेपेला मी अंगणात सगळ्यांचा एक मोठा फोटो काढायचं ठरवलं. आमा, सून, मितिनी, चुलत घरची माणसं. सगळे उभे राहिले आणि आमा म्हणाली, "छोरी, सगळ्यांचा काढतेस. त्याचाही काढ ना."

आपल्याकडेही स्टुडिओवाले हे करून देतात. लग्नाला न आलेला भाऊ फोटोत बसवतात, आजोबांना नातवाच्या बारशाला आणतात. मला ते येत होतं आणि येतं हे सांगायची हौसही होती. मी म्हटलं, त्यात काय, तो असता तर जिथे उभा राहिला असता तिथे जागा सोडा. आमा आणि सून यांच्यामध्ये त्यांनी जागा सोडली. त्याची उंची किती, म्हणून विचारलं तर सुनेने ओसरीच्या खांबाला हात लावून दाखवली. मग मी आमाला म्हटलं, "आमा, हात वर घे. अजून थोडा. त्याच्या खांद्यावर ठेवल्यासारखा. आता हलवू नकोस." तिने ठेवला. मी तीन फोटो काढले. तेवढा वेळ ती हात तसाच धरून उभी होती.

हिल्सबरोला परत आल्यावर आमच्या लाँड्रीतल्या टेबलावर मी तीन संध्याकाळी ते काम करत बसले. जाण्याआधी त्याने काठमांडूच्या स्टुडिओत काढलेला एक फोटो सुनेने दिला होता. जीन्स, पांढरा शर्ट, डाव्या हातात नवं घड्याळ, मागे रंगवलेलं तळं आणि त्यात हंस. हंसांतून त्याला कापून काढला. उजेडाचा घोळ होता. स्टुडिओत दिवा डावीकडून, अंगणात ऊन उजवीकडून. म्हणून मी त्याला आरशात फिरवावा तसा फिरवला. सगळ्यात जड गेली ती सावली. ती मला रंगवावी लागली, शेजारच्यांच्या सावल्या मोजून, त्याच तिरपेपणाने. नवरा डोकावून म्हणाला, "याला जेवायला पण थांबवून घे आता." मुलगी तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "मम, दॅट्स हीप्स क्रीपी." भलतंच भुताटकीसारखं वाटतं म्हणे. मी म्हटलं, तुला माया कळत नाही.

छापलेल्या फोटोच्या मागे मी नेहमीसारखी नावं लिहिली. आमा, मग त्याचं नाव, मग सुनेचं. फोटोत दिसतोय त्याला गाळायचा कसा? खाली तारीख टाकली, विक्रम संवतातली. पेन उचलताना माझ्या मनात काही आलं नाही. काही म्हणजे काही नाही.

पुढच्या खेपेला तो फोटो दिला तेव्हा आमाने तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ बोटाने त्याचा चेहरा चाचपला. मग तिने सुनेकडून मागची नावं मोठ्याने वाचून घेतली. त्या दिवशी ती दोनदा भात मागून जेवली. मितिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, आज किती वर्षांनी ही पोटभर जेवली. मी रडले. आपण आयुष्यात निदान एक तरी गोष्ट बरी केली असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते समाधान मी पुढे कितीतरी दिवस चाखत होते.

मग कोविड आला आणि सीमा बंद झाल्या. इथून कुणी जाईना, तिथून कुणी येईना. चार वर्षांनी मी परत त्या अंगणात पोचले तेव्हा मितिनी एकटीच भिंतीला टेकून बसली होती. तिच्याजवळ बसले. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, "तो आला होता ना, तेव्हा फार वाळला होता. तुलाही वाटलं असेल."

मी विचारलं, कोण?

"आमचा पोरगा. तू फोटो काढलास ना त्या दिवशी. एक रात्र राहिला. रात्रभर खोकत होता. सकाळी उठून गेला."

मी हसले. म्हटलं, अगं, तो मी नंतर बसवलाय. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, थट्टा नव्हती. लहान मूल उगाच खोटं बोलतंय, आपण आत्ता काही बोलू नये, असा भाव होता. मग ती म्हणाली, "तिकडची फॅशन लागली होती त्याला. घड्याळ उजव्या हातात घालायला लागला होता."

उजव्या हातात घड्याळ मी घातलं होतं. हिल्सबरोला, लाँड्रीत बसून.

चहाच्या टपरीवाल्याने त्याला सकाळी बसच्या रस्त्याकडे जाताना पाहिलं होतं. चुलत घरच्या बाईने त्याच्यासाठी अंडं उकडलं होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि सगळे एकमेकांना नीट जुळत होते. कुणी मला पटवायला बघत नव्हतं. ते आपसात बोलता बोलता सांगत होते, गेल्या वर्षी पाऊस लांबला होता हे सांगावं तसं. शेवटी मी आमाला गाठलं. म्हटलं, "आमा, आठवतंय ना, मी तुला सांगितलं होतं हात वर धर म्हणून?"

"आठवतंय तर," आमा म्हणाली. "खांदा किती खाली आला होता त्याचा. हाताला हाड लागत होतं."

सून गोठ्याच्या दारात गवताचा भारा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "दिदी, तुमच्या देशात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम मिळतं ना?"

दीड वर्षाने ती ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, पापाकुराला आली, एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, केअरगिव्हर म्हणून. अर्ज मी भरले होते. विवाहित, विधवा, विभक्त, या चौकटींपाशी आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बराच वेळ थांबलो होतो. शेवटी विवाहितवर खूण केली. इथे आल्यावर ती दर दुसऱ्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. लाल टिकली, भांगात सिंदूर, गळ्यात लाल पोत. माझ्या मुलीशी तिचं चांगलं जमलं. दोघी मोडक्या इंग्रजी-मराठी-नेपाळीत तासनतास बोलत.

गेल्या वर्षी एका शनिवारी ती न कळवता आली. चहा घेतला नाही. म्हणाली, "दिदी, मला लग्न करायचंय." नेपाळातल्या तिच्या पलीकडच्या जिल्ह्यातला एक माणूस इथून तीन तासांवर, टौरंगाला, किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये काम करतो. बायको वारलेली. वर्षभराची ओळख होती. मी म्हटलं, मग कर की, स्वीट ॲज, म्हणजे उत्तमच. इथे कोण अडवतंय?

ती म्हणाली, "इथे नाही. तिथे."

त्यांच्याकडे बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा कुशाचा पुतळा करून दहन करतात. कुश म्हणजे आपला दर्भ. मग तेरा दिवस सुतक. त्यानंतर तो माणूस गेला असं धरतात आणि त्याची बायको मोकळी होते. आपल्याकडेही हे आहे, फक्त आपण विसरलो. तर बारा वर्षं झाली म्हणून तिने चुलत दिरामार्फत पंडितजींना विचारलं. पंडितजी घरी आले. आमाने भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, मागची ओळ वाचली आणि म्हणाले, या तारखेला मुलगा घरी होता, सगळ्या गावाने पाहिला, लिहिलेलंही आहे. बारा वर्षं इथून मोजायची. म्हणजे अजून चार.

"आमच्या वयाला चार वर्षं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं, दिदी," ती म्हणाली. ती चाळिशीकडे झुकली होती. तिला मूल हवं होतं. टौरंगाचा माणूस थांबायला तयार होता, पण त्याची आई नव्हती. आणि आमाच्या तोंडून मोकळीक मिळाल्याशिवाय हिला जायचं नव्हतं. बारा वर्षं दोघींनी एका चुलीवर काढली होती. पळून जाणाऱ्यांतली ती नाही.

मी विचारलं, "तुला तर माहीत होतं तो फोटो खोटा आहे."

"पहिल्या दिवसापासून. माझ्या नवऱ्याच्या डाव्या गालावर तीळ होता. तुमच्या फोटोत उजव्या गालावर आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"आमा जेवायला लागली होती," ती म्हणाली.

मला माझाच संताप आला. हजारो मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या मी. मी लाँड्रीत गेले आणि जुनी हार्ड डिस्क शोधून काढली. म्हटलं, मूळ फोटो असणार, तो दाखवू, विषय संपेल. त्याला असणार तारीखवार फोल्डर. लेबलं लावण्याचा कुठे तरी उपयोग व्हायला हवा ना.

मूळ फोटो मी इतक्या वर्षांत परत उघडला नव्हता. तो उघडला. अंगण, ऊन, माणसांची रांग, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. नुसती मोकळी जागा नव्हे. दोन्ही बाजूंची माणसं त्या जागेला धक्का लागू नये म्हणून किंचित बाहेर कललेली. आमाचा हात हवेत, बोटं थोडी वाकलेली, तळव्याखाली काही नाही. आणि चेहऱ्यावर हसू. आपण ज्याला जवळ धरलंय त्याच्यासाठी माणूस हसतं ना, तसं. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. सून एकटी त्या जागेकडे बघत होती. माझ्या जोडलेल्या फोटोत ती नवऱ्याकडे बघते आहे असं दिसायचं, आणि म्हणूनच तो सगळ्यांना इतका खरा वाटायचा.

"कुणी नाही, तेच बघत होते मी," ती म्हणाली.

माझी मुलगी आता युनिव्हर्सिटीत जाते. ती दारातून बघत होती. या वेळी ती आत येऊन माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मला आणखी एक गोष्ट जाणवायला लागली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. काउंटरवर एक गृहस्थ खोकल्याचं औषध घ्यायला आले. ते खोकले आणि मला वाटलं, अगदी असाच. कुणासारखा, ते एक क्षणभर कळेना. मग कळलं. मला त्याचा खोकला आठवत होता. ओसरीवर, सकाळी, मी दात घासत असताना, आतून येणारा. जो मी कधीही ऐकलेला नाही. मी त्या गृहस्थांना दोनदा चुकीचा डोस सांगितला आणि दोनदा माफी मागितली. त्या दुपारी मी बॅक रूममध्ये बसून स्वतःला समजावत होते, की तो आला नव्हता. मला ते समजावावं लागत होतं, याची मला भीती वाटली.

पुढच्या रविवारी आम्ही पापाकुराला तिच्या खोलीवर बसलो. आमची दुपार, तिथली सकाळ. मूळ फोटो आधीच चुलत दिराच्या फोनवर पाठवला होता आणि त्याने तो मोठा छापून आणला होता. व्हिडिओवर आमा ओसरीवर बसलेली दिसत होती, शेजारी मितिनी, मागे पंडितजी. मी सगळं सांगितलं. आमा, मी त्याला नंतर बसवला. हंसांच्या फोटोतून कापला. उलटा केला. सावली रंगवली. तारीख लिहिली ती तुमची होती, त्याची नव्हती. माझी चूक झाली. हा बघ, खरा फोटो हा आहे.

चुलत दिराने छापील कागद तिच्या हातात दिला. आमाने तो बघितला. मग भिंतीवरचा मागवला, आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. मितिनी वाकून बघत होती. कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग आमाने मान वर केली. "हे कधी केलंस, छोरी?"

"हा आधीचा आहे, आमा. मूळ हाच आहे."

"आधी तो होता," आमा म्हणाली. ती मला हळू, समजावून सांगत होती. "हा बघ माझा हात. हात उगाच कोण असा धरेल? इथे तो होता. तू त्याला पुसलंस."

मी म्हटलं, नाही आमा. सून माझ्या शेजारी बसून नेपाळीत भराभरा काहीतरी सांगू लागली. आमाने हात वर करून तिला थांबवलं. मितिनीने पदर तोंडाला लावला होता. पंडितजी कागद हातात घेऊन त्या मोकळ्या जागेकडे बघत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला तेव्हा कळलं की या अंगणात माझं खरं कुणालाच खरं वाटणार नाही. मी सावली इतकी चांगली रंगवली होती.

"पुसलंस ना," आमा पुन्हा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग ती पंडितजींकडे वळली. "आता काही राहिलं नाही. कुश आणायला सांगा."

सुनेने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि ते असं मिळायला नको होतं. आम्हाला दोघींना ते एकदमच कळलं असावं.

पुतळा नदीवर नेला, अग्नी चुलत दिराने दिला. इथे पापाकुराला तिने पांढरी साडी नेसून तेरा दिवस पाळले, एक वेळ अळणी जेवून. रेस्ट होमच्या बाईंनी रजा दिली, फुलंही पाठवली. सिंदूर तिने स्वतःच पुसला, बाथरूमच्या आरशात बघून, दार उघडं ठेवून, आणि मी बाहेर उभी होते. ती हुंदके देऊन रडली. मला वाटतं बारा वर्षांचं रडली. सहा महिन्यांनी टौरंगाला तिचं लग्न झालं. आमाने फोनवर आशीर्वाद दिला.

पण गावात दुसरंच पसरलं. मितिनीने कुणाकडून तरी एक व्हॉइस मेसेज पाठवला. म्हणाली, छोरी, आमच्या घरच्यांना फोटोत राहू दे हं, पोरं लहान आहेत. आधी मला कळेना. मग टपरीवाल्याचा आला, त्याच्या आईचा फोटो नीट ठेव म्हणून. मग आणखी दोघांचे. सगळ्यांचे मूळ फोटो माझ्याकडे आहेत, हिल्सबरोला एका डब्यात, हे त्यांना आता माहीत झालं होतं. मी प्रत्येकाला समजावलं. फोटोचा आणि माणसाचा काही संबंध नसतो, वगैरे. समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की त्या रविवारपासून मी एकही फोटो डिलीट केलेला नाही. हललेले, डोळे मिटलेले, चुकून निघालेले, काही नाही. नवरा म्हणतो, डिस्क भरली, जरा साफ कर. मी म्हणते करते.

मला वाटत होतं, आमा आता माझ्याशी बोलणार नाही. मी फोन करायचं धाडस केलं नाही. मग मागच्या महिन्यात तिचाच आला, चुलत दिराच्या फोनवरून. मी फार्मसीच्या मागे गाडीत बसून डबा खात होते.

"जेवलीस, छोरी?"

म्हटलं, जेवतेय. स्क्रीनवर ती दिसली. किती लहान झाली होती. तिने मुलीची चौकशी केली, नवऱ्याची केली, माझ्या गुडघ्याची केली. सुनेला दिवस गेल्याचं तिला कळलं होतं. त्यावर तिने बरं झालं म्हटलं आणि खरंच बरं वाटलं असावं. मग म्हणाली, "माझे फोटो आहेत ना तुझ्याकडे?"

"पुष्कळ आहेत, आमा."

"सगळ्यांतून पुसायला तुला किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, आमा, असं नसतं. फोटोतून पुसून कुणी जात नाही.

"बारा वर्षं तो धड जातही नव्हता, येतही नव्हता," ती म्हणाली. "तू पुसलंस आणि महिन्यात सुटला. मी रागावलेले नाही गं. आधी वाटलं, रागवावं. पण तुझा हात हलका आहे. त्याला दुखलं नसेल."

गाडीच्या काचेवर माझा श्वास जमला होता.

"घाई नाही," आमा म्हणाली. "मका घरात येऊ दे. मग सवडीने कर."

मी तिला हो म्हटलं नाही. नाही म्हणायला हवं होतं, तेही म्हटलं नाही. परवा सुनेचा टौरंगाहून फोन आला. बाकी सगळं ऐकून घेतल्यावर मी तिला विचारलं, यंदा तुमच्याकडे मका कधी काढतात. ती म्हणाली, पाऊस लांबलाय, अजून उभाच आहे. मी हुश्श करून बरं म्हटलं. आज पुन्हा विचारणार आहे.